पदवी स्तरावरील गणिताचे अध्ययन : सिद्धता, भाषा आणि पनवेल परिसरातील विद्यार्थी

प्रस्तावना :
पनवेल हे रायगड जिल्ह्यातील महत्त्वाचे शैक्षणिक केंद्र आहे. रयत शिक्षण संस्थेने 1970 मध्ये येथे महात्मा फुले महाविद्यालय सुरू केले. पुढे नवीन पनवेलमध्येही महाविद्यालये उभी राहिली. त्यामुळे उरण, कर्जत, खालापूर या तालुक्यांतील विद्यार्थ्यांना मुंबई विद्यापीठाची पदवी घराजवळ घेता येऊ लागली. तथापि, बारावीपर्यंत गणितात चांगले गुण मिळविणारा विद्यार्थी पदवीच्या पहिल्याच वर्षी गोंधळतो, हा अनेक प्राध्यापकांचा अनुभव आहे. प्रस्तुत लेखात या गोंधळाच्या एका कारणाचे विवेचन केले आहे.

आकडेमोडीकडून सिद्धतेकडे :
शालेय गणितात सूत्र दिलेले असते आणि उत्तर काढावयाचे असते. पदवी स्तरावर विधान दिलेले असते आणि ते सत्य का आहे, हे सिद्ध करावयाचे असते. येथे शब्दांच्या क्रमाला विलक्षण महत्त्व प्राप्त होते. पुढील दोन विधाने पाहा :
(1) प्रत्येक नैसर्गिक संख्येसाठी तिच्यापेक्षा मोठी अशी एक नैसर्गिक संख्या असते.
(2) अशी एक नैसर्गिक संख्या असते, जी प्रत्येक नैसर्गिक संख्येपेक्षा मोठी असते.
शब्द जवळजवळ तेच आहेत. परंतु पहिले विधान सत्य, तर दुसरे असत्य आहे.

क्रमिकेच्या अभिसरणाच्या व्याख्येत हाच भेद दडलेला आहे. 1, 1/2, 1/3, ... ही क्रमिका 0 कडे अभिसरण पावते. 0 पासूनचे अंतर 0.01 पेक्षा कमी हवे असल्यास 100 व्या पदानंतरची सर्व पदे चालतात, 0.001 पेक्षा कमी हवे असल्यास 1000 व्या पदानंतरची. म्हणजे आधी अंतर ठरते आणि त्यानुसार पदाचा क्रमांक निवडला जातो. हा क्रम उलटविल्यास एकच क्रमांक प्रत्येक अंतरासाठी पुरला पाहिजे. मग त्यापुढील सर्व पदे 0 च असावी लागतील. परंतु या क्रमिकेचे एकही पद 0 नाही. व्याख्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हा फरक लक्षात येत नाही.

भाषेचा प्रश्न :
दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला ही सूक्ष्म वाक्यरचना इंग्रजीत समजून घ्यावी लागते. अडचण गणिताची आहे की भाषेची, हे त्यालाही उमगत नाही आणि 'मला गणित जमत नाही' असा चुकीचा निष्कर्ष तो काढतो. वरील विधाने प्रथम मराठीत मांडून नंतर इंग्रजीत लिहून घेतल्यास अडचणीचे खरे स्वरूप स्पष्ट होते. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहावयाची असली, तरी विचार मातृभाषेत करण्यास कोणताही अडथळा नाही.

उपलब्ध संधी :
1993 मध्ये प्रा. एस. कुमारेसन यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या एमटीटीएस या उन्हाळी प्रशिक्षण कार्यक्रमात पाठांतरापेक्षा प्रश्न विचारण्यावर भर दिला जातो. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी माधव गणित स्पर्धाही घेतली जाते. पदवीनंतर 'जॅम' परीक्षेद्वारे आयआयटीमध्ये एम.एस्सी.ला प्रवेश मिळू शकतो. या संधींची माहिती पहिल्याच वर्षी देणे आवश्यक आहे.

समारोप :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मुळे चार वर्षांच्या पदवीचा पर्याय उपलब्ध झाला आहे. मात्र, वर्ष वाढल्याने आकलन आपोआप वाढत नाही. पहिल्या सत्रातील काही तासिका केवळ विधाने वाचणे, उलटविणे व नाकारणे यांसाठी राखून ठेवल्यास अनेक विद्यार्थी या विषयात टिकून राहतील, असे वाटते.