जंभलाचे मुंगूस

धनत्रयोदशीला आपल्या घरांतून कुबेराचे स्मरण होते. हाच धनदेव बौद्ध परंपरेत जंभल या नावाने पूजिला जातो, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी असते. नाव ऐकून कोणाला जांभूळ आठवेल. परंतु त्याचा संबंध जंभीराशी, म्हणजे लिंबाच्या कुळातील फळाशी जोडला जातो. ते फळ त्याच्या उजव्या हाती असते. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातातील महाळुंग ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चिन्ह परके वाटू नये. बियांनी भरलेले म्हणून महाळुंगाला संस्कृतात बीजपूर म्हणतात.

खरे मर्म आहे ते डाव्या हातातील मुंगसात. देव त्याला दाबतो आणि त्याच्या मुखातून रत्ने बाहेर पडतात. मुंगसाच्या कातड्याच्या थैल्या करीत, त्यावरून ही कल्पना निघाली, असे एक स्पष्टीकरण आहे. मला ते अपुरे वाटते. पुरलेल्या धनावर नाग बसतो, ही आपल्याकडील जुनी समजूत. आणि मुंगूस तर नागाचा हाडवैरी. नाग धन राखतो, मुंगूस ते ओकून टाकते. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातही अर्धे अंग सोन्याचे झालेले मुंगूस येते आणि एका उपाशी ब्राह्मणाने दिलेल्या सातूच्या पिठापुढे धर्मराजाचा अश्वमेध उणा ठरविते. दोन्ही परंपरांत दानाची साक्ष द्यायला हाच प्राणी यावा, हे लक्षणीय आहे.

धन आणि अन्न यांची सांगड महाराष्ट्रात पाहावयाची तर अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात जावे. पाचव्या शतकातील या विहारात गाभाऱ्याशेजारी यक्षसेनापती पांचिक आणि त्याची पत्नी हारीती बसली आहेत. हारीती मूळची राजगृहातील बालके खाणारी. बुद्धाने तिचे धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपविले, तेव्हा तिला इतर मातांचे दुःख कळले. तिच्या लेकरांच्या पोटाचे काय, या प्रश्नाला संघाने उत्तर दिले: विहारातून तिला रोज अन्नाचा वाटा मिळेल. सातव्या शतकात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने ही प्रथा भारतातील विहारांत चालू असल्याचे नोंदविले आहे. या शिल्पाच्या तळपट्टीत छडी घेतलेले पंतोजी आणि त्यांची पोरेही कोरली आहेत. पुढची अभ्यासात, मागची खेळात! आम्हां मास्तरांना त्यात नवल नाही.

आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिबेटी उपासनेत जंभलाच्या मस्तकावर पाणी वाहतात. सुप्याच्या माणसाला ही रीत प्रथम चमत्कारिक वाटते. कारण काळी नदीवरील धरण १९८७ साली पुरे झाले आणि आमचे जुने गाव, घरे-शेतांसह, पाण्यानेच नेले. तिबेटी लोक मात्र या पाण्याची कथा सांगतात: देवदत्ताने बुद्धावर फेकलेले दगड जंभलाने स्वतःच्या मस्तकावर झेलले, ती जखम निवावी म्हणून हे पाणी.