बचावफळी, भाग ६ : मोकळा गडी

गेल्या आठवड्यात आपण स्टॉपर पाहिला. समोरच्या सेंटर फॉरवर्डच्या अंगाला चिकटून नव्वद मिनिटं त्याचा श्वास मोजणारा. त्याच्या पाठीमागे आणखी एक जण उभा असायचा, ज्याला कुणाचीच राखण दिलेली नसे. इटालियन लोक त्याला लिबेरो म्हणतात, म्हणजे मोकळा. पुढचा कुणी चुकला की निस्तरायचं, एवढंच त्याचं काम. पण ज्याच्यावर कुणाची जबाबदारी नाही, त्याच्यावर लक्ष ठेवायलाही समोरच्या संघात कुणी नसतं. चेंडू घेऊन तो सरळ पुढे निघाला तर त्याला अडवायचं कुणी? जर्मनीच्या बेकनबाउअरने हे सत्तरच्या दशकात दाखवलं होतं. अर्जेंटिनात ते दानिएल पासारेलाने दाखवलं, पण त्याच्या हातात त्याला दांडगाईची धार आली.

१९५३ साली ब्युनोस आयर्स प्रांतातल्या चाकाबुको गावी जन्म, हुनीन शहरातल्या सार्मिएन्तो क्लबात उमेदवारी आणि १९७४ पासून रिव्हर प्लेट. उंची पाच फूट आठ इंच. मध्यभागी बचाव करणाऱ्यासाठी ही उंची म्हणजे जवळजवळ अपात्रताच. आणि तरीही हेडर त्याचा हुकमी! यात चमत्कार नाही. उंच खेळाडू बहुधा जागेवरून उडी मारतो, कारण त्याला तेवढी पुरते. पासारेला मागून धावत यायचा आणि चेंडू खाली उतरायच्या आधीच हवेत असायचा. शिवाय डाव्या पायाची फ्री किक आणि पेनल्टी त्याच्याचकडे. कारकिर्दीत त्याचे १३० हून अधिक गोल झाले. देशासाठी ७० सामन्यांत २२ गोल आहेत, आणि हा बचावपटूचा हिशेब आहे. १९८५-८६ च्या मोसमात फिओरेंतिनाकडून त्याने इटलीच्या लीगमध्ये ११ गोल केले. बचावासाठी जगभर गाजलेल्या लीगमध्ये!

पण तो खरा ओळखायचा असेल तर २५ जून १९७८ चा दिवस पाहावा. मोनुमेंताल स्टेडियम, विश्वचषकाची अंतिम लढत. हॉलंडचे खेळाडू मैदानात येऊन ताटकळत उभे, यजमानांचा पत्ता नाही. आले ते वाद घेऊनच. हॉलंडच्या रेने व्हान डे केरखोफच्या हाताला प्लास्टर होतं. आधीच्या सामन्यांत ते कुणाला खुपलं नव्हतं. कर्णधार पासारेलाने रेफरी गोनेलांकडे तक्रार केली. डच चिडले, मैदान सोडायला निघाले. शेवटी प्लास्टरवर आणखी एक पट्टी गुंडाळून सामना सुरू झाला. हे कावेबाजपणाचं होतं का? होतंच. पण चेंडू हलायच्या आधीच समोरच्यांचं डोकं फिरलेलं होतं. जादा वेळेत ३-१ ने जिंकून २५ वर्षांच्या कर्णधाराने लष्करशहा व्हिदेलाच्या हातून चषक घेतला. लोकांना डांबून छळणारं नौदलाचं केंद्र तिथून फार लांब नव्हतं. तो चषक पाहताना हे विसरता येत नाही.

१९८६ ला मेक्सिकोत अर्जेंटिना पोहोचली त्यातही त्याचा पाय होता. १९८५ साली पात्रता फेरीत पेरूशी २-१ ने मागे असताना त्याचा फटका खांबावर आदळला आणि गारेकाने चेंडू आत ढकलला. पण तोवर प्रशिक्षक बिलार्दोंनी कर्णधारपद मॅराडोनाकडे दिलं होतं. स्पर्धेत पासारेला पोटाच्या विकाराने खाटेला खिळला आणि एक मिनिटही खेळला नाही. त्याच्या जागी उतरला होसे लुइस ब्राऊन, ज्याला तेव्हा क्लबसुद्धा नव्हता. अंतिम सामन्यातला पहिला गोल त्याचा. १९७८ आणि १९८६ अशा दोन्ही विजेत्या संघांत असलेला एकमेव अर्जेंटिनी म्हणून पासारेलाचं नाव कायमचं कोरलं गेलं. दुसऱ्यांदा मात्र तो फक्त नावालाच होता.

पुढे तो राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला तेव्हा लांब केसांवर बंदी आली. मधल्या फळीतला अप्रतिम रेदोंदो केस कापायला तयार झाला नाही आणि १९९८ च्या विश्वचषकाला मुकला. मला याची गंमत वाटते. १९७८ च्या त्या अंतिम सामन्यात दोन गोल करणाऱ्या केम्पेसची झुलपं खांद्यावर रुळत होती, आणि त्याचा कर्णधार कोण होता?

डिसेंबर २००९ मध्ये तो रिव्हर प्लेटचा अध्यक्ष झाला. क्लब कर्जात होता आणि संघही ढेपाळलेला. अर्जेंटिनात तेव्हा खालच्या विभागात कुणी जायचं ते एका मोसमावर नाही, तीन मोसमांच्या सरासरी गुणांवर ठरे. मोठ्या क्लबांना एखादं वाईट वर्ष पचावं म्हणून ती सोय, असंच बोललं जाई. पण २००८ मध्ये रिव्हर एका स्पर्धेत चक्क तळाला गेला होता आणि ते ओझं तीन वर्षं मानेवर राहिलं. म्हणजे सगळा दोष अध्यक्षाचा नव्हे, पण खुर्चीवर तोच होता. प्रशिक्षक म्हणून उभा होता एकेकाळी त्याच्याबरोबर रिव्हरसाठी खेळलेला हुआन होसे लोपेस.

शेवटी त्या सरासरीने रिव्हरला वरच्या विभागात टिकण्यासाठी खालच्या विभागातल्या संघाशी दोन सामन्यांची लढत खेळायला लावली. समोर आलेल्या कोर्दोबाच्या बेलग्रानोने पहिला सामना २-० ने घेतला. परतीच्या सामन्यात रिव्हरने आघाडी घेतली, बेलग्रानोने बरोबरी साधली आणि रिव्हरची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली. १-१. वेळ संपण्याआधीच रेफरीने खेळ थांबवला, कारण प्रेक्षक हाताला लागेल ते मैदानात भिरकावत होते. रिव्हर पहिल्यांदाच खालच्या विभागात गेला. तारीख २६ जून २०११, मैदान मोनुमेंताल. प्लास्टरवरच्या त्या भांडणाला तेहतीस वर्षं आणि एक दिवस झाला होता.

पुढच्या आठवड्यात ब्राऊन, आणि अंतिम सामन्यात निखळलेला त्याचा खांदा.