कच्चे आणि पक्के

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. संत गोरोबाकाका येथील कुंभार. एकदा संतमंडळी जमली असता गोरोबांनी थापटण्याने प्रत्येकाच्या मस्तकावर थाप मारून कच्चे कोण व पक्के कोण हे पाहिले, अशी कथा सांगतात. कुंभार मडके वाजवून पाहिल्यावाचून पक्के मानीत नाही.

मडके फुटले तर पाणी सांडते. पण शरीरात बसविलेली वस्तू फुटली तर प्राणावर बेतते. म्हणून तिची परीक्षा फार कठोर असते.

आपल्या हृदयात झडपा असतात. त्या रक्ताला पुढे जाऊ देतात, मागे फिरू देत नाहीत. संधिवाताच्या ज्वराने कित्येक मुलांच्या झडपा निकामी होतात. परदेशी कृत्रिम झडपा गरिबांना परवडत नसत. तेव्हा तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा संस्थेत शल्यविशारद डॉ. वलियाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय झडप तयार करण्याचे ठरविले.

धातूच्या कड्यात उघडझाप करणारी एक चकती, अशी तिची रचना होती. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा धडकते. तितक्याच वेळा चकती हलणार. शिवाय परक्या वस्तूचा स्पर्श होताच रक्त गोठू लागते. हे सारे सोसणारा पदार्थ कोणता? कृत्रिम नीलमण्याची चकती करून पाहिली. ती अतिशय कठीण. पण तिच्या आघातांनी भोवतालचा धातूच झिजू लागला. एकामागून एक तीन नमुने कच्चे ठरले.

चौथ्या नमुन्यात चकती पॉलिएथिलीनची केली. हे एक बहुवारिक आहे. लहान रेणू साखळीच्या कड्यांप्रमाणे जोडले जाऊन बहुवारिकाचे लांब रेणू बनतात. प्लॅस्टिकच्या साध्या पिशव्याही पॉलिएथिलीनच्याच; मात्र या चकतीतील साखळ्या कितीतरी अधिक लांब असतात. त्यामुळे ती चिवट होते, फार झिजत नाही व धातूलाही इजा करीत नाही. झडप हृदयाला शिवता यावी म्हणून कड्याभोवती पॉलिएस्टरचे कापड लावले.

ही झडप प्रथम यंत्रावर कोट्यवधी वेळा उघडून मिटवून पाहिली; मग मेंढ्यांच्या हृदयात बसविली. या कसोट्यांना ती उतरल्यावरच, ६ डिसेंबर १९९० रोजी, ती प्रथम माणसाच्या हृदयात बसविण्यात आली. त्यानंतर एक लाखाहून अधिक रुग्णांना तिचा लाभ झाला आहे. नीलमणी जेथे हरला, तेथे साधे पॉलिएथिलीन पक्के ठरले.