विंचवाचा दंश आणि शोधनिबंधाचें मोल

लोणारचें सरोवर पाहावयास गेलेल्या प्रवाशाला आज कोणीहि सांगतो कीं, हा प्रचंड खळगा आकाशांतून कोसळलेल्या अशनीच्या आघातानें पडला. परंतु तो ज्वालामुखीचा अवशेष असावा, असें मत विद्वानांत बराच काळ प्रचलित होतें. १९७३ सालीं फ्रेड्रिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकांत तेथील खडकांविषयीं निबंध प्रसिद्ध केला आणि पारडें अशनीकडे झुकलें. एखाद्या शोधनिबंधानें काय घडूं शकतें याचें उदाहरण लोणारकरांच्या दारांतच आहे. आज मात्र मला बोलावयाचें आहे तें दगडाविषयीं नव्हे, दगडाखालीं दडणाऱ्या विंचवाविषयीं. आणि त्याच्या विषावर निबंध लिहिणाऱ्या एका डॉक्टरांविषयीं.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे बुलढाण्याला लागूनच असलेल्या जालना जिल्ह्यांतील, भोकरदन तालुक्यांतल्या देहेड गांवचे. १९७६ च्या सुमारास ते कोंकणांत, महाडजवळच्या बिरवाडी येथील आरोग्यकेंद्रांत रुजू झाले. तांबड्या विंचवानें दंश केलेलीं माणसें तेथें येत आणि त्यांपैकीं कित्येक डोळ्यांदेखत दगावत. बावस्करांनीं रोग्याच्या उशाशीं बसून नाडी, रक्तदाब व श्वास यांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला. त्यांतून निघालेला लेख १९८२ सालीं ‘लॅन्सेट’ या विख्यात ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकांत छापून आला. ओकाऱ्या, दरदरून घाम, लाळ सुटणें, हातपाय गार पडणें हीं हृदयावरील संकटाचीं पूर्वचिन्हें होत, हा त्याचा आशय.

असें कां व्हावें? या विषानें मज्जातंतूंतील सोडियमचीं दारें उघडीं राहतात आणि ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा शरीरांत लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब भडकतो, हृदय थकतें, आणि अखेर फुप्फुसांत पाणी भरून रोगी गुदमरतो. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारें प्राझोसिन नांवाचें औषध रक्तदाबासाठीं बाजारांत होतेंच. साधी, स्वस्त गोळी. ती विंचूदंशावर लागू पडते, असें बावस्करांचें लहानसें टिपण १९८६ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालें. पूर्वीं गंभीर दंशाच्या शंभर रोग्यांपैकीं तीस व त्याहूनहि अधिक दगावत. या गोळीनंतर तें प्रमाण एकाच्या आसपास उतरलें, असें त्यांच्या नोंदी सांगतात.

अशा माणसाची योग्यता मोजावी कशी? विद्यापीठांची रीत ठरलेली आहे: लेख किती, आणि इतरांनीं त्यांचा हवाला किती वेळां दिला. हर्श नांवाच्या पदार्थवैज्ञानिकानें २००५ सालीं याचें एक गणित बसविलें. ज्याच्या वीस लेखांचा प्रत्येकीं निदान वीस वेळां हवाला दिला गेला, त्याचा अंक वीस! सोय मोठी खरी. परंतु विंचू चावतो तो बहुधा शेतमजुराला. या विषयावर लिहिणारे थोडे, म्हणून हवाले देणारेहि थोडेच. गोळी घेऊन घरीं परतलेलें मूल तर कोणाच्याच यादींत येत नाहीं. तरीहि छापण्याला मोल नाहीं असें मात्र मी म्हणणार नाहीं. बिरवाडीची युक्ति छापली गेली नसती, तर ती बिरवाडींतच राहिली असती आणि तिची पारख दुसऱ्या कोणाला करतां आली नसती.

ती पारख बावस्करांनीं स्वतःहि केली, आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनीं ७० रोग्यांचे दोन गट केले. एकाला केवळ प्राझोसिन, दुसऱ्याला त्याच्या जोडीस प्रतिविष. दहा तासांनंतर पहिल्या गटांतील ३५ पैकीं ८ पूर्ण बरे झाले होते, दुसऱ्यांतील ३२. ज्या उपचारानें नांव मिळवून दिलें, तो एकटा अपुरा पडतो, हें त्यांनीं २०११ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें स्वतःच्या सहीनें प्रसिद्ध केलें. पद्मश्री त्यानंतर आली, २०२२ मध्यें.

श्रोतेहो, सरोवराच्या काठीं दगड उचलतांना दंश झाला, तर केवळ वेदनेवरून धोका ओळखूं नये. असह्य वेदना आहे पण इतर लक्षणें नाहींत, असा रोगी बहुधा वांचतो. घाम, ओकारी आणि गार पडलेले हात दिसले, विशेषतः लहान मुलांत, तर मांत्रिकाची वाट न पाहतां तत्काळ रुग्णालय गांठावें.