उभं फाडा, आडवं फाडा

या पुरवणीचं एखादं पान वाचून झालं की वरून खाली फाडून बघा. बऱ्यापैकी सरळ पट्टी निघेल. आता तेच आडवं फाडा. चीर दोन बोटंही सरळ जात नाही, वाकडीतिकडी होत खाली वळते.

कागद म्हणजे वनस्पतीच्या बारीक तंतूंचा गुंता. कारखान्यात पातळ लगदा धावत्या जाळीवर पडतो, तेव्हा बरेचसे तंतू जाळीच्या चालीच्या दिशेनं लागतात. वर्तमानपत्राच्या पानात ती दिशा उभी असते. उभी चीर तंतूंच्या मधून वाट काढते, आडवीला तंतू तोडावे किंवा उपसावे लागतात.

हे तंतू मुख्यतः हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. पाणी शिरलं की बंध सुटतात. कोल्हापूरच्या २०१९च्या महापुरात भिजलेली पुस्तकं ज्यांनी सुकवली, त्यांनी हे पाहिलंय : ओलं पान उचलायला जावं, तर तुकडाच हातात येतो.

लगदा जास्त कुटला की तंतू घट्ट चिकटतात आणि कागद ओढून लवकर तुटत नाही. फाडायला मात्र तोच सोपा होतो. लांब तंतू गुंत्यातून उपसून निघताना फाडणाऱ्याची ताकद खातो, फार घट्ट बसलेला आधीच तुटतो. म्हणून तंतूची लांबी महत्त्वाची. आपल्याकडे गुऱ्हाळाच्या चुलाणात जातं त्या उसाच्या चिपाडापासूनही कागद होतो, पण त्याचा तंतू साधारण एक-दीड मिलिमीटरचा, पाइनचा तीनच्या आसपास. त्यामुळे चिपाडाच्या लगद्यात बळकटीसाठी लांब तंतू मिसळतात.

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी दप्तरं आहेत. जुना हातकागद चिंध्या, दोर, गोणपाट अशा लांब तंतूंच्या मालाचा, खळ लावून घोटलेला. वर काजळीची शाई, जी कागद खात नाही. कसर आणि ओल यांपासून जपला, तर तो शतकं टिकतो. पुढे यंत्राच्या कागदात राळ आणि तुरटी आली. तुरटीतून आम्ल तयार होतं आणि ते तंतूंमधल्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहतं. तंतू दिसायला तेवढाच लांब, आतून मात्र ठिसूळ झालेला. कोपरा दोन-चारदा दुमडला की तुटून पडतो.

मोडी कागदांची काळजी घ्यायलाच हवी. पण १८५०पासूनच्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या आपल्या जुन्या ग्रंथालयांमधली गेल्या शतकातली छापील पुस्तकं आणि नियतकालिकं मला जास्त घाईची वाटतात. त्यांचं स्कॅनिंग आधी व्हावं, कारण ती कपाटात बंद असतानाही आम्लाचं काम चालूच असतं.