विश्लेषण : मुख्यमंत्र्यांची मते वाढली, मग मताधिक्य का घटले? दक्षिण-पश्चिम नागपूरचे गणित काय?

मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी २०२४ मध्ये दक्षिण-पश्चिम नागपूरमधून सलग चौथा विजय मिळवला. या मतदारसंघात त्यांना आजवरची सर्वाधिक मते याच निवडणुकीत मिळाली. मात्र, मताधिक्य सलग दुसऱ्यांदा घटले. भाजपसाठी राज्यातील सर्वात सुरक्षित मानल्या जाणाऱ्या जागांपैकी एक असलेल्या या मतदारसंघाचा इतिहास काय, आणि पुढे काय होऊ शकते, याविषयी...

मतदारसंघ कधी अस्तित्वात आला?

२००८ च्या पुनर्रचनेपूर्वी नागपूर शहरात विधानसभेचे पाच मतदारसंघ होते. पुनर्रचनेनंतर ते सहा झाले आणि २००९ मध्ये दक्षिण-पश्चिम नागपूरमध्ये पहिली निवडणूक झाली. प्रतापनगर, खामला, त्रिमूर्तीनगर, जयताळा अशा मध्यमवर्गीय वस्त्यांबरोबरच दीक्षाभूमीही याच मतदारसंघात येते. त्यापूर्वी फडणवीस पश्चिम नागपूरचे आमदार होते. तेथे १९९९ मध्ये त्यांनी काँग्रेसच्या अशोक धवड यांचा ९ हजार ८७ मतांनी, तर २००४ मध्ये रणजीत देशमुख यांचा १७ हजार ६१० मतांनी पराभव केला होता.

लढतीतील जुनी घराणी कोणती?

जुन्या पश्चिम नागपुरात भाजपला १९९० आणि १९९५ मध्ये विजय मिळवून दिला तो विनोद गुडधे पाटील यांनी. १९९९ मध्ये ही उमेदवारी फडणवीस यांना मिळाली. गुडधे यांचे पुत्र प्रफुल्ल गुडधे यांनी पुढे २०१४ आणि २०२४ मध्ये काँग्रेसतर्फे फडणवीस यांना आव्हान दिले. २०१९ मध्ये काँग्रेसचे उमेदवार होते रणजीत देशमुख यांचे पुत्र आशीष देशमुख. ते २०१४ मध्ये काटोलमधून भाजपचे आमदार झाले होते. नंतर ते काँग्रेसमध्ये गेले, पुन्हा भाजपमध्ये परतले आणि २०२४ मध्ये सावनेरमधून भाजपतर्फे निवडून आले. म्हणजे १५ वर्षांच्या अंतराने आधी वडील आणि मग मुलगा फडणवीस यांच्याकडून पराभूत झाले आणि आज मुलगा त्यांच्याच पक्षाचा आमदार आहे.

आकडे काय सांगतात?

२००९ : फडणवीस ८९ हजार २५८, विकास ठाकरे ६१ हजार ४८३, मताधिक्य २७ हजार ७७५.

२०१४ : फडणवीस १ लाख १३ हजार ९१८, प्रफुल्ल गुडधे ५४ हजार ९७६, मताधिक्य ५८ हजार ९४२.

२०१९ : फडणवीस १ लाख ९ हजार २३७, आशीष देशमुख ५९ हजार ८९३, मताधिक्य ४९ हजार ३४४.

२०२४ : फडणवीस १ लाख २९ हजार ४०१, प्रफुल्ल गुडधे ८९ हजार ६९१, मताधिक्य ३९ हजार ७१०.

फडणवीस यांच्या प्रत्येक १०० मतांमागे काँग्रेसला २०१४ मध्ये ४८ मते मिळाली होती. २०१९ मध्ये हा आकडा ५५ झाला आणि २०२४ मध्ये ६९. पहिल्या निवडणुकीत, २००९ मध्येही तो ६९ च होता. थोडक्यात, या प्रमाणाचा विचार केला तर लढत पुन्हा मूळ जागी आली आहे.

मताधिक्य घटण्याची कारणे काय?

फडणवीस यांची मते २०१९ च्या तुलनेत सुमारे २० हजारांनी वाढली. काँग्रेसची मात्र जवळपास ३० हजारांनी वाढली. भाजपचा मतदार दुरावला, असे त्यामुळे म्हणता येत नाही. विरोधी मते अधिक प्रमाणात मतदान केंद्रापर्यंत पोहोचली आणि एका उमेदवाराकडे वळली. २०१४ मध्ये शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस आणि भाजप स्वतंत्र लढले होते, बसपलाही लक्षणीय मते मिळाली होती. २०२४ मध्ये लढत सरळ झाली. त्याच वर्षी लोकसभेतही हेच चित्र होते. नितीन गडकरी यांचे नागपुरातील मताधिक्य २०१४ मध्ये २ लाख ८४ हजार, २०१९ मध्ये २ लाख १६ हजार आणि २०२४ मध्ये १ लाख ३७ हजार होते. जुलै २०२४ मध्ये दीक्षाभूमीवरील भूमिगत वाहनतळाविरोधात आंबेडकरी अनुयायी रस्त्यावर उतरले आणि फडणवीस यांना विधानसभेत या कामाला स्थगिती जाहीर करावी लागली. मतदारसंघातील एका मोठ्या वर्गाची नाराजी त्यातून दिसली होती.

पश्चिम नागपूरचा धडा कोणता?

फडणवीस यांनी २००९ मध्ये पश्चिम नागपूर सोडल्यावर भाजपच्या सुधाकर देशमुख यांनी ती जागा २००९ आणि २०१४ मध्ये राखली. २०१९ मध्ये मात्र ती काँग्रेसच्या विकास ठाकरे यांनी जिंकली. २००९ मध्ये दक्षिण-पश्चिममधून पराभूत झालेले ते हेच ठाकरे. २०२४ मध्येही त्यांनी पश्चिमची जागा थोडक्यात राखली. दक्षिण-पश्चिममध्ये फडणवीस यांच्याशिवाय अद्याप एकही निवडणूक झालेली नाही. त्यामुळे येथील मते पक्षाची किती आणि व्यक्तीची किती, हे प्रत्यक्ष तपासले गेलेले नाही.

पुढे काय?

सुमारे ४० हजारांचे मताधिक्य मोडून काढणे सोपे नाही. काँग्रेसने आतापर्यंतच्या चार निवडणुकांत तीन वेगवेगळे चेहरे दिले. एकाच उमेदवाराने दोन निवडणुकांमधल्या पाच वर्षांत सातत्याने बांधणी केली, असे चित्र दिसले नाही. दुसरा मुद्दा सीमांचा आहे. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आधारे पुनर्रचना झाली, तर मतदारसंघाचा नकाशा बदलेल. विधानसभेतील एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठेवण्याची २०२३ ची घटनादुरुस्तीही पुनर्रचनेशी जोडलेली आहे. २००८ च्या पुनर्रचनेने हा मतदारसंघ जन्माला घातला. पुढच्या पुनर्रचनेत प्रतापनगर, जयताळा आणि दीक्षाभूमी एकाच मतदारसंघात राहतात की नाही, यावर येथील पुढचे गणित बरेचसे ठरेल.