आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

नाबार्डने २०१५ साली बचत गटांचे हिशोब कॉम्प्युटरवर आणायचा ई-शक्ती प्रकल्प सुरू केला. पहिल्या दोन जिल्ह्यांत आपलं धुळं होतं. आता आपल्याकडेही ग्रामसंघाच्या टेबलावर कॉम्प्युटर असतो. तो अडला की आपण म्हणतो, "व्हायरस आला गं!" मग रिक्षात घालून दहिवडीला नाहीतर विट्याला न्यायचा. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल, आणि आपण मान डोलावतो. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. कुणी किती हप्ते फेडले ते त्याच पाटीवर असलं तर? म्हणून आधी कारण शोधायचं.

डॉक्टरीणबाई विचारतात तेच विचारा. कधीपासून? सारखं होतं की मधून मधून? त्याआधी काय बदललं? आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

सुरूच होत नाही? त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावा. चार्जिंग झालं नाही तर दोष बोर्डाचा. दिवा लागतो पण पडदा काळा, तर मागची वायर दाबून बघा. सुरू करताना टूं-टूं वाजत असेल तर बहुतेक वेळा आतली रॅम हललेली असते. तिथं व्हायरसचा काही संबंध नाही.

आपल्या माण, खटाव, आटपाडी, जतकडचा खरा वैरी म्हणजे धूळ आणि ऊन. सकाळी नीट चालतो, दुपारी अर्ध्या तासात आपोआप बंद, गार झाला की पुन्हा सुरू. हे तापण्याचं लक्षण. आतल्या पंख्यात धूळ बसते, गरम हवा बाहेर पडत नाही, मग प्रोसेसर जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं. त्यावर घातलेलं भरतकामाचं कव्हर चालू असताना काढाच, कितीही सुंदर असलं तरी! लाइट गेल्या क्षणीच बंद होत असेल तर मात्र यूपीएसची बॅटरी संपलीय.

आता एक गंमत. बँकेची साइट उघडत नाही, "सुरक्षित नाही" असं येतं. आपण नेटला शिव्या घालतो. जरा कोपऱ्यातली तारीख बघा. कित्येक वर्षं मागची दिसेल. वीज नसताना घड्याळ चालवायला आत सीआर २०३२ नावाची बटणाएवढी बॅटरी असते, ती संपली की तारीख मागं जाते. पुढची तारीख घातलेला चेक बँक घेत नाही ना, तसंच कॉम्प्युटरला साइटचं प्रमाणपत्र पुढच्या तारखेचं वाटतं. तारीख दुरुस्त करा. रोज मागं जात असेल तर बॅटरी बदलायची. खर्च किरकोळ.

जुनी मराठी फाइल उघडल्यावर भलतीच अक्षरं आली तर फाइल बिघडलेली नसते. श्रीलिपीसारखा जुना फॉन्ट त्या मशीनवर नसतो, एवढंच. पुसू नका.

व्हायरसही असतो, नाही असं नाही. पेनड्राइव्हमधल्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसले तर संशय घ्या.

यूपीएस किंवा आतला पॉवर सप्लाय मात्र उघडू नका. प्लग काढला तरी आत वीज साठलेली असते. दुकानात नेताना लक्षणं चिठ्ठीवर लिहून डब्यावर चिकटवा, आणि खाली ठळक लिहा: "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये. गटाचा हिशोब आत आहे."